गुडघ्यावरचा बिब्बा

"कोणी केलं हे? मला नाव सांगा! कोणी केलं?"

सर्जन ओरडत होता. नागपूरहून दर बुधवारी भंडाऱ्याला येणारा, एरवी गाईसारखा गरीब माणूस. पण त्या सकाळी त्याचा आवाज असा काही चढला की दवाखान्याच्या खिडकीतली कबुतरं उडाली ती थेट साकोलीला जाऊन बसली असतील. माझी बायको खाटेवर पाय लांब करून बसली होती. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, आणि तो गुडघ्यांच्या वर सरकवलेला. ऑपरेशनच्या आधी पाय साफ करायला आलेल्या नर्सनं तो सरकवला होता आणि गुडघे पाहून ती तशीच डॉक्टरला बोलवायला पळाली होती.

उजव्या गुडघ्यावर सहा काळे ठिपके होते, डाव्यावर पाच. भोवतालची कातडी लालबुंद होऊन फुगली होती. उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून पाणी झिरपत होतं.

"बिब्बा आहे ना हा? अर्ध्या तासात मी इथंच चिरा देणार होतो. बरोब्बर इथं! कोणी लावला?"

आता माझं तोंड हे माझं असलं तरी माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. ते आपोआप सुरू झालं. "साहेब, आंबागडच्या पायथ्याशी एक वैदू हाये. नव्वदीचा असन. दाढी इथवर, बेंबीपर्यंत. बोलत नाई कोनाशी. गुडघा लांबून पाह्यते अन् सांगते कोनत्या सालापासून दुखते ते. मी घरी नव्हतो साहेब. तो आला, हिले बसवलं अन् बिब्बा घालून मोकळा झाला. मी असतो तं तंगडी तोडली असती त्याची!"

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. नर्सनं "अगं बाई" म्हटलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग झगा खाली ओढून गुडघे झाकून घेतले.

वैदू नव्हताच. बिब्बा मी घातला होता, माझ्या हातानं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. करडीच्या भागात माझी थोडी धानाची शेती आहे आणि भरपूर बोलणं आहे. माझ्या बोलण्यातलं अर्धं वजा करायची गावाला सवय आहे. जे उरतं तेही लोक चाळून घेतात. पोरांना मी शिकवलं काय ते देव जाणे, पण वाघानं मला सायकलवर डबलसीट कसं नेलं ही गोष्ट तीन पिढ्यांना पाठ आहे. तेव्हा हे जे लिहितो आहे ते तुम्ही चाळून घेतलंत तरी माझी हरकत नाही. फक्त ठिपके मोजून घ्या. ते अकराच होते.

बायकोचे गुडघे रोवण्यात गेले. रोवणा म्हणजे धानाची लावणी. पाण्यानं भरलेल्या बांधीत पोटरीएवढ्या चिखलात वाकून उभं राहायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरायची, उजव्या हातानं एकेक रोप खोचत मागं मागं सरकायचं. चाळीस वर्षं ती हे करत आली. आमच्याच नव्हे, साऱ्या शिवारातल्या बांध्यांत तिच्या पावलांचे खड्डे असतील. ती बांधीत उतरली की बाकीच्या बायांचे हात तिच्या मागं पळायचे. गाणं तीच उचलायची, वेग तीच धरायची. मी बांधाच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहायचो आणि लोकांना सांगायचो की माझी बायको रोवत असताना ट्रॅक्टरवाल्यांना लाज वाटते.

मग गुडघे वाजायला लागले. मी त्याचीही गोष्ट केली. आमच्याकडे कोंबडा पाळावा लागत नाही, म्हणायचो; बायको उठली की गुडघ्यांच्या आवाजानं आख्खी आळी जागी होते. चहाच्या टपरीवर माणसं पोट धरधरून हसायची. घरी मात्र तिनं संडासाच्या खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून घेतली होती, तिला धरून उठायला. शेवटच्या वर्षात ती पट्टीही पुरेना. मग ती आतून आवाज द्यायची, आणि मी जाऊन तिला काखेत हात घालून उठवायचो. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी एवढ्या हळू आवाजात हाक मारली नव्हती. ही गोष्ट मी टपरीवर सांगितली नाही.

उपाय काय केले विचारू नका. निरगुडीचा पाला एवढा शेकला की गावाच्या कुंपणांवर पान राहिलं नाही. तिळाचं तेल, मोहाचं तेल, कुठल्याशा बाटलीतलं हिरवं तेल. गुडघ्यावर चढवायचा पट्टा आणला. तो चढवायला गुडघा वाकवावा लागायचा, आणि वाकला असता तर पट्टा लागलाच नसता. एका बाजारात कागदाच्या पुड्या मिळायच्या, नाव नाही गाव नाही. त्या खाऊन ती पंधरा दिवस हरणासारखी चालली. तोंड सुजून भोपळा झालं तेव्हा मुलगी नागपूरहून आली आणि तिनं पुड्या नालीत फेकल्या. "बाबा, याच्यात काय असते माहीत आहे का तुम्हाला? यानं हाडं पोकळ होतात, शुगर होते!" मला माहीत नव्हतं. मी तर त्या पुडीवाल्याची तारीफ तुमसरपर्यंत पोचवली होती.

मुलगीच तिला बुधवारच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं फोटो उजेडात धरला आणि मला बोलवून दाखवला. हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत अस्तर असतं. तिचं ते राहिलंच नव्हतं. हाड हाडावर टेकलं होतं. तो शांतपणे सांगत गेला. वजन उतरवणं, खुर्चीत बसून पाय सरळ करायचे व्यायाम, हे सुरुवातीला फार कामाचं. आता त्यानं पाय बळकट राहतील, एवढंच. दुखणं मारायच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडं जातील. सांध्यात इंजेक्शन देतात, त्यानं काही महिने बरं वाटतं, पण इतक्या झिजलेल्या गुडघ्यात त्याचा फार भरवसा नाही. उरतो तो सांधा बदलणं. झिजलेली टोकं कापायची, वर धातूची टोपी बसवायची, मध्ये प्लास्टिकची चकती. आधी उजवा, मग डावा. दुसऱ्याच दिवशी काठीवर उभं करतात.

"मांडी घालून बसायचं नाही, मावशी. उकिडवं बसायचं नाही. संडास खुर्चीचा करून घ्यायचा. चिखलात उतरायचं नाही."

"रोवना?" तिनं विचारलं.

"रोवणा संपला तुमचा."

तिनं फोटोकडे पाहिलं. त्यातलं तिला काय कळलं असेल ठाऊक नाही. मग म्हणाली, "संडासात माही मी जाईन का? कोनाले हाक न मारता?"

"जाल. त्याच्यासाठीच करायचं."

"मंग करा."

एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नाही. तीन आठवड्यांनंतरचा बुधवार ठरला. सरकारी योजनेत बसवलं, रक्त तपासलं, दात तपासले. निघताना डॉक्टरनं मला बजावलं, "गुडघ्यांवर काही लावायचं नाही. तेल नाही, लेप नाही. एक फोड आला तरी मी हात लावणार नाही. फोडातले जंतू आतल्या धातूवर जाऊन बसले तर सगळं परत काढावं लागतं." मी म्हणालो, साहेब, माशी बसू देणार नाही.

त्या साली पाऊस उशिरा आला आणि आला तो सगळ्यांच्या बांध्यांत एकाच वेळी आला. पऱ्हे वाढून चालले होते. रोवणेकरणी बायांना गावोगावून बोलावणी. त्यांच्या टोळीची म्होरकी आमच्या दारात उभी राहिली ती आत न येताच.

"मास्तर, मालकीन उतरन का बांधीत?"

"उतरन ना. काहून नाई उतरन?"

"तिचे गुडघे तं गेले म्हन्ते."

"कोन म्हन्ते? अवं, परवा ती कवेलू फेराले छपरावर चढली होती! म्याच खाली उतरवली."

म्होरकी हसली नाही. "मंग येतो. ती असली तं आमच्या बायायचे हात चालते. अन् तुमचा शेवटचा कोपरा तं तीच रोवते दरसाल. ती नसन तं आमाले दुसरीकडचं बोलावनं हाये."

आमच्या घरची ती रीतच होती. शेवटच्या बांधीचा शेवटचा कोपरा घरच्या बाईनं रोवायचा, मग बाया मालकाच्या तोंडाला चिखल फासतात आणि गूळ-पोहे खातात. घरची बाई नसली तर कोपरा तसाच सोडतात. आमच्या शिवारात एकदा असा कोपरा राहिला होता, त्याची चर्चा लोक अजून करतात. मी नको म्हणायला हवं होतं. पण पऱ्हे पिवळे पडत होते, आणि छपरावर चढवलेल्या बायकोला मला आता खाली उतरवता येईना.

ती आतून सगळं ऐकत होती.

"कबूल काहून केलं तुमी? मले उभं तं राहू द्या आधी."

"दोनच दिवस. बिब्बा घालतो. तुह्या मायचा उपाय हाये तो, तूच सांगत जाय."

"डॉक्टरनं काही लावू नोका म्हनलं ना."

"त्याले बिब्ब्याचं काय समजते? नागपूरचा हाये तो. आठ दिवसांत खपली पडून साफ होते. बुधवार अजून लय लांब हाये."

बुधवार नऊ दिवसांवर होता.

सकाळी मी ओसरीत दिवा लावला. बिब्ब्यात दाभण खुपसलं आणि ज्योतीवर धरलं. काळं तेल फसफसून वर आलं. तिनं पाय लांब केले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पहिला ठिपका दिला तेव्हा तिच्या पायाची बोटं आत वळली. दुसऱ्याला तिनं विचारलं, "किती देता?" मी म्हणालो, "जेवढे लागतील तेवढे." मला वाटत होतं जास्त दिले तर जास्त जोर येईल. माझा सगळा जन्म याच हिशेबानं गेला आहे.

आणि ती उभी राहिली. खोटं नाही सांगत. बिब्ब्याच्या आगीनं आतलं दुखणं दबलं म्हणा किंवा तिनं दात दाबून धरलं म्हणा, दोन दिवस ती बांधीत होती. पहिल्या दिवशी बाया तिला मध्ये घेऊन रोवत होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं गाणं उचललं. मी धुऱ्यावरून पाहत होतो. आवाज तोच होता, फक्त ओळीच्या मध्येच ती थांबायची, आणि बाकीच्या बाया तेवढी ओळ पुरी करायच्या. शेवटचा कोपरा तिनं एकटीनं रोवला. बायांनी मला चिखल फासला. मी नाचलो. ती धुऱ्यावर बसली ती चार बायांनी उचलून बैलबंडीत ठेवली तेव्हाच उठली.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. गुडघे सुजले, खाज सुटली, ठिपक्यांवर फोड आले, आणि त्या फोडांना बांधीतलं पाणी लागलं होतं. शेण, खत, जे काय त्या पाण्यात असतं ते सगळं. मी खोबरेल लावलं. ती म्हणाली, "दवाखान्यात फोन करा, सांगा त्यायले." मी म्हणालो, "सांगितलं तं तारीख जाईन. वाळून जाईन तोवर." मंगळवारी आम्ही भरती झालो. संध्याकाळच्या नर्सनं फक्त ताप आणि रक्तदाब पाहिला. बुधवारी सकाळी दुसरी नर्स पाय साफ करायला आली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशन रद्द झालं.

मुलीनं वैदूची गोष्ट ऐकली आणि ती पेटली. मी तिला थांबवायला हवं होतं. पण सांगितलेली गोष्ट मागं घेणं हे मी कधी शिकलोच नाही. आईला ड्रेसिंगसाठी दवाखान्यात सोडून ती आंबागडला गेली. संध्याकाळी आली ती विजयी होऊन.

"सापडला बाबा, तो म्हातारा!"

"कोन सापडला?"

"तुमचा वैदू. बाजारात मुळ्या विकत बसला होता. दाढी नाही त्याला, काढली असेल भीतीनं. असा झापला त्याला, सारा बाजार गोळा झाला. आधी नाही नाही म्हणत होता, मी कोणाले बिब्बा घातला नाही, करडी पाहिली नाही. मग हात जोडले. म्हणाला, चुकलं असन माय."

मी हातातला चहा पीत राहिलो. तो गार होता की गरम, मला आठवत नाही. बायको खाटेवर पडून छताकडे पाहत होती. "त्यानं हात जोडले?" तिनं विचारलं.

"जोडले ना!"

"म्हातारा होता का लय?"

"असेल सत्तर-पंचाहत्तरचा. काहून?"

"काही नाई," ती म्हणाली, आणि कूस बदलायचा प्रयत्न केला. गुडघ्यानं ती बदलू दिली नाही.

त्या म्हाताऱ्याकडे जाऊन पाया पडायचं मी ठरवलं होतं. अजून ठरवतोच आहे.

जखमा भरायला दिवाळी ओलांडली. रोज पट्टी, रोज इंजेक्शन, आरोग्य केंद्राच्या सिस्टरला आमच्या ओसरीतला खड्डा अन् खड्डा माहीत झाला. उजवीकडच्या सहा ठिपक्यांतले पाच बुजले, सहावा बुजता बुजेना. तेवढ्या वेळात गुडघे वाकलेल्या अवस्थेतच आखडले. आता ती पाय पूर्ण सरळही करू शकत नव्हती आणि पूर्ण वाकवूही. घरात मी खुर्चीचा संडास करून घेतला होता, ऑपरेशननंतर लागेल म्हणून. त्या खुर्चीपर्यंत पोचायलाही तिला मलाच हाक मारावी लागायची. आधी ती आतून हाक मारायची, आता बाहेरूनच.

गावात मी बोलणं कमी केलं असं मी म्हणणार नाही; कारण तेही चाळून घ्याल. पण वैदूची गोष्ट कोणी काढली की मी उठून घरी यायचो.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा बुधवारी भंडाऱ्याला गेलो. मुलगी आली नव्हती, तिला सुट्टी नव्हती. डॉक्टरनं या वेळी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं सहावा ठिपका बोटानं दाबून पाहिला, रक्ताचे कागद पाहिले, पुन्हा दाबला.

"मागच्या वेळी काठावर होती ती शुगर आता फार वाढली आहे. पुड्यांचा हात असेल, जखमेचाही असेल. आणि हे अजून आतून ओलं आहे. मी इथं धातू बसवला आणि जंतू आत गेले तर, मावशी, गुडघा तर जाईलच, कदाचित पाय जाईल."

"मंग कवा?" तिनं विचारलं.

"आधी शुगर. मग जखम. सहा महिन्यांनी पाहू. पण आता सांधा आखडला आहे, तेव्हासारखा सोपा राहिलेला नाही. हो म्हणूनही सांगत नाही मी." तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तो वैदू अजून बिब्बा घालतो का लोकांना?"

तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही आलं नाही.

"नाई घालत आता," बायको म्हणाली.

बसस्थानकावर आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. आमची बस यायला वेळ होता. समोर केळीवाला ओरडत होता, एक बाई नातवाच्या नाकाला पदर लावत होती. बायकोनं पाय बाकावर घ्यायचा प्रयत्न केला पण माझी पिशवी आणि मी मध्ये होतो. मी मग म्हणालो, "चूक माहीच होती. बिब्ब्याचीबी, अन् त्या म्हाताऱ्याचीबी. मी नसतं केलं तं आज तू आपल्या पायानं चालली असती."

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "सरका जरासे, पाय लांब करू द्या."